राजीनाम्याचं कारण : पर्सनल

शेगावच्या संत गजानन महाराज इंजिनीअरिंग कॉलेजातून कॅम्पस सिलेक्शन झालं, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पेढे वाटतात. मुलगी असेल तर जरा जास्तच! मग कुकर, सॅक आणि आईची चटणी घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट पुणे. पुढच्या दहा वर्षांचं कोणी बोलत नाही. माझ्या ओळखीतल्या तिघींनी तिशीच्या आसपास आयटी सोडलं. फॉर्मवर कारण एकच : पर्सनल.

खरंच पर्सनल? एकीचंच घ्या. 2020च्या लॉकडाऊनमध्ये ती लॅपटॉप घेऊन खामगावला माहेरी आली. बाळ आजीकडे, ही गच्चीवरच्या खोलीत कॉलवर. तेही मे महिन्यात कूलर बंद ठेवून, कारण क्लायंटला घरघर ऐकू जाते! काम चोख, रेटिंग उत्तम. मग मेल आला, ऑफिसला या. पुण्यातलं भाडं, पाळणाघर आणि हिंजवडीचं ट्रॅफिक यांचा हिशेब मांडून तिने पेपर टाकले. नातेवाईक म्हणाले, घर सांभाळायला सोडली नोकरी. ती म्हणते, "घर अन् नोकरी दोन्ही सांभाळतच होती ना मी!"

टीसीएसच्या 2022-23च्या वार्षिक अहवालात तेव्हाचे एचआर प्रमुख मिलिंद लक्कड यांनीच सांगितलं होतं, की नोकरी सोडण्याचं बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त झालंय. आधी तसं नसायचं. त्यांचा अंदाज असा, की घरून काम केल्यामुळे काहीजणींच्या घरची घडी बदलली. पटतं, पण अर्धंच. घडी बदलली तर ती फक्त बाईचीच कशी?

कायदा आहे की. 2017च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. रजेनंतर घरून काम मात्र कंपनीशी बोलून ठरवायचं. म्हणजे मॅनेजरचा मूड बघून!

आणि नवरा? तोही आयटीतच. त्याने का नाही सोडली, असं विचारलं तर ती हसली. "त्याचं पॅकेज जास्त आहे ना." दोघं एकाच बॅचचे, एकाच पगारावर लागलेले. बाळंतपणाच्या वर्षी हिचं प्रमोशन हुकलं, त्याचं झालं. पुढची वजाबाकी तुम्हीच करा.

हल्ली मुलगी झोपली, की ती जॉब साइटवर 'रिमोट'चा फिल्टर लावून बसते. दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच, "मधली वर्षं काय करत होतात?"