विश्लेषण : टीमवर्क नेमके कशाने घडते? सहलीने, की ज्युनिअरला दिलेल्या अधिकाराने?

आर्थिक वर्ष संपत आले की अनेक कार्यालयांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात : अप्रेझल आणि ‘टीम बिल्डिंग’ची सहल. रिसॉर्टवर रस्सीखेच होते, ग्रुप फोटो निघतात. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांचे काहीतरी चुकते आहे हे दिसत असूनही बहुतेक जण मान डोलावतात. एकमेकांशी गोडीने वागणे म्हणजे टीमवर्क नव्हे, हा धडा काही क्षेत्रांनी मोठी किंमत मोजून शिकला आहे.

मंगळुरूत काय घडले?

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालानुसार, सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे रद्द करा, असे सांगितले होते. कॅप्टनने ते मानले नाही. मग सहवैमानिकाने विमानाचे नियंत्रण का घेतले नाही? त्याला तो अधिकार देणाऱ्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, हे संभाव्य कारण अहवालात नोंदवले आहे. म्हणजे ज्युनिअर बोलला होता. पण न ऐकल्यास पुढे काय करायचे, हे स्पष्ट नव्हते.

चांगल्या टीममध्ये चुका जास्त?

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद अधिक आढळली. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचे कारण त्यांनी मांडले. यातूनच ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना पुढे आली : प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तर आपला अपमान होणार नाही, हा विश्वास. गुगलने २०१२ पासून आपल्या सुमारे १८० टीम तपासल्या. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकत्र कसे काम करतात हे महत्त्वाचे ठरले आणि त्यात मानसिक सुरक्षितता सर्वांत वर होती.

त्यासाठी व्यवस्था कशी लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमध्ये चीर देण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगायचे असते. एकदा नाव सांगितले की पुढे शंका बोलून दाखवणेही सोपे जाते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही चेकलिस्ट वापरल्यानंतर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कोणताही कामगार दोरी ओढू शकतो. टीम लीडर लगेच येतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. इथे कामगाराच्या धाडसावर काही सोडलेले नाही. तो नियमच आहे.

आपल्या ऑफिसात काय करता येईल?

अडचण उघड आहे. ज्याच्या हातात अप्रेझल, त्यालाच त्याची चूक दाखवायची. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, तो गप्प बसला तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. त्यामुळे सुरुवात वरूनच व्हावी लागते. मीटिंगमध्ये मॅनेजरने आपले मत शेवटी मांडावे. ‘काही शंका?’ असे विचारण्याऐवजी ‘यात काय चुकू शकते?’ असे विचारावे आणि सर्वांत नव्या सहकाऱ्याला आधी बोलू द्यावे. काम कोण थांबवू शकतो आणि तक्रार कोणाकडे न्यायची, हे लेखी ठरवावे. चूक सांगणाऱ्याला पहिल्यांदा काय वागणूक मिळते, याकडे सगळ्या टीमचे लक्ष असते. त्या दिवशी साहेब चिडले, तर पुढची कितीही रस्सीखेच उपयोगाची नाही.