हस्तांदोलनानंतरची खरेदी

दोन प्रतिस्पर्धी सत्तांच्या नेत्यांची शिखर बैठक आटोपली की संयुक्त निवेदनापाठोपाठ बहुधा एक आकडा जाहीर होतो. अमुक देश तमुक देशाकडून ठरावीक मुदतीत इतक्या किमतीचा माल घेईल, असे तो आकडा सांगतो. अशा आश्वासनाला खरेदीची हमी म्हणतात. ती कितपत पाळली जाईल याचे भाकीत नेत्यांच्या देहबोलीवरून आणि निवेदनातील शब्दांवरून करण्याची रीत पडली आहे. परंतु गेल्या अर्धशतकातील अनुभव तपासला तर असे दिसते की खरेदी ठरते ती घेणाऱ्याच्या गरजेवरून, आणि म्हणून भाकिताची सुरुवातही तेथूनच व्हायला हवी.

मे १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन आणि लिओनिद ब्रेझनेव्ह यांची मॉस्को येथे शिखर परिषद झाली आणि जुलैमध्ये असे जाहीर झाले की सोव्हिएत संघ तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरचे अमेरिकन धान्य घेईल व त्यासाठी अमेरिका कर्ज देईल. त्या वर्षी सोव्हिएत संघात पीक बुडाले होते, पण त्याची व्याप्ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. सोव्हिएत सरकारी खरेदी संस्थेच्या प्रतिनिधींनी अमेरिकेतील एकेका धान्य कंपनीशी स्वतंत्र आणि गुप्त सौदे केले. त्यामुळे एका कंपनीने किती गहू विकला याचा पत्ता दुसरीला लागला नाही. काही आठवड्यांतच अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारे चौथा हिस्सा विकला गेला, तीन वर्षांसाठी ठरलेला आकडा पहिल्याच वर्षी मागे पडला आणि पुढील वर्षभरात गव्हाचे भाव दुपटीहून अधिक वाढले. तेथे भाकीत चुकले ते आश्वासन फोल ठरल्यामुळे नव्हे, तर गरज आश्वासनाहून कितीतरी मोठी असल्यामुळे.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिका आणि चीन यांच्या ‘पहिल्या टप्प्यातील करारा’चे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ब्युनोस आयर्स आणि जून २०१९ मध्ये ओसाका येथे डोनाल्ड ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या भेटी झाल्या, दोन्ही वेळा व्यापारयुद्धात शस्त्रसंधीची भाषा झाली, आणि अखेरीस १५ जानेवारी २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. २०१७ हे आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी धरलेले वर्ष, मानून त्या पातळीच्या वर दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरचा जादा माल व सेवा घेण्याचे चीनने मान्य केले होते. वॉशिंग्टनमधील पीटरसन संस्थेचे अर्थतज्ज्ञ चॅड बाऊन यांच्या हिशेबानुसार प्रत्यक्षात आधारवर्षाची पातळी धरून काढलेल्या एकूण उद्दिष्टाच्या सुमारे ५७ टक्केच खरेदी झाली, म्हणजे २०१७ च्या पातळीवर काहीच भर पडली नाही.

एकूण टक्केवारीपेक्षा तिच्या पोटातील फरक अधिक बोलका आहे. शेतमालाच्या उद्दिष्टाची पूर्तता सुमारे ८३ टक्के झाली, तर ऊर्जेची जेमतेम ३७ टक्के. आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या साथीत चीनमधील डुकरांचे कळप मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले होते आणि ते पुन्हा उभे करताना खाद्यासाठी मका व सोयाबीन यांची निकड होती. तेल आणि वायू मात्र इतर देशांकडूनही मिळत होते, शिवाय कोविड महासाथीने इंधनाची मागणी खाली आणली होती. विमानांच्या बाबतीत तर बोईंगचे ७३७ मॅक्स हे विमान मार्च २०१९ पासून चीनमध्ये जमिनीवरच उभे होते. करार एक, सही एक, तरीही जिन्नसागणिक निकाल वेगळा.

म्हणून ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे झालेल्या ट्रम्प–शी भेटीनंतरचे आश्वासनही जिन्नस, भाव आणि खरेदीदार या तीन कसोट्यांवर घासून पाहावे लागते. अमेरिकेने जाहीर केल्याप्रमाणे चीन २०२६ ते २०२८ या प्रत्येक वर्षी किमान अडीच कोटी टन सोयाबीन घेणार आहे. चीनची एकूण सोयाबीन आयात वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास असते आणि २०२४ मध्ये त्यांपैकी सुमारे २.२ कोटी टन अमेरिकेतून आले होते. याचा अर्थ असा की हे आश्वासन बव्हंशी जुनी पातळी परत आणण्याचे आहे, आणि म्हणून ते २०२० च्या आकड्यापेक्षा अधिक साध्य वाटते. मात्र भेटीनंतरही चीनने अमेरिकी सोयाबीनवर १३ टक्के आयातशुल्क ठेवले, तर ब्राझीलच्या मालावर ते ३ टक्केच आहे. नफा-तोट्याचा हिशेब करणारा खासगी तेलगिरणीवाला अशा वेळी ब्राझीलकडे वळणार. अमेरिकी माल घेणार त्या आदेशावर चालणाऱ्या सरकारी कंपन्या. आदेश आज निघतो तसा उद्या मागेही घेतला जातो, त्यामुळे या आश्वासनाचे आयुष्य दोन राजधान्यांमधील सलोख्याइतकेच आहे.

भाकीत करणाऱ्याला आज एक साधन उपलब्ध आहे आणि त्याचा जन्म १९७२ च्या त्याच धक्क्यातून झाला. त्यानंतर अमेरिकेने निर्यातदारांवर विक्रीची माहिती सरकारला कळवण्याचे बंधन घातले. आता तेथील कृषी खाते दर आठवड्याला देशवार विक्रीचे आकडे प्रसिद्ध करते आणि एका दिवसात एकाच देशाला एक लाख टन वा त्याहून अधिक माल विकला गेल्यास ते लगेच जाहीर होते. प्रामाणिक भाकिताने मुदत, जिन्नस आणि संभाव्यता स्पष्ट सांगावी आणि दर आठवड्याच्या या आकड्यांसमोर स्वतःला तपासू द्यावे.

ही शिस्त केवळ अभ्यासकांच्या समाधानासाठी नाही. शिकागोच्या बाजारातील सोयाबीनचे भाव अशा बातम्यांनी हलतात, त्यांचा परिणाम पेंड आणि तेल यांच्या जागतिक दरांतून लातूरच्या बाजार समितीपर्यंत पोहोचतो, आणि आयोवातील शेतकऱ्याइतकाच मराठवाड्यातील शेतकरीही माल आता विकावा की घरात ठेवावा हे ठरवताना या भाकितांवर विसंबतो. ज्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या निर्णयावर अवलंबून आहे, त्याच्यासमोर नेत्यांचा आकडा जसाच्या तसा ठेवणे हा बेजबाबदारपणा आहे. घेणाऱ्याला त्या मालाची गरज किती आणि दुसरीकडे तो स्वस्त मिळतो का, हे त्याला आधी सांगितले गेले पाहिजे.