एक वेत तरी होऊ द्यावे काय?

मराठीत ‘वळू’ आणि ‘बैल’ हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतील फरक जातीचा वा वयाचा नसून खच्चीकरणाचा आहे. पैदाशीसाठी राखलेला तो वळू आणि वृषण निकामी करून ज्याला नांगराला किंवा गाडीला जुंपले तो बैल. ज्या समाजाची शेती या बैलांच्या खांद्यावर उभी राहिली आणि ज्याने दर पोळ्याला त्यांना पुरणपोळीचा घास भरवला, त्या समाजाला जनावराची प्रजननक्षमता काढून घेण्याची कल्पना परकी म्हणता येत नाही. तरीही घरातल्या कुत्रीच्या किंवा मांजरीच्या नसबंदीचा विषय निघाला की चांगली शिकलेली, जिवापाड माया करणारी कुटुंबे अडखळतात, ‘मुक्या जिवाचे पाप कशाला’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ‘निदान एक वेत तरी होऊ द्या, मग बघू’ असे म्हणून निर्णय पुढे ढकलतात. हे अडखळणे मायेतून येते, म्हणूनच ते हसण्यावारी न नेता नीट तपासून पाहायला हवे.

गोंधळाची सुरुवात ‘नसबंदी’ या शब्दापासूनच होते. माणसांच्या नसबंदीत शुक्रवाहिनी किंवा बीजवाहिनी कापली अथवा बांधली जाते; वृषण वा बीजांडकोश जागच्या जागी राहतात आणि त्यांतून स्रवणारी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे शरीरभर फिरून अवयवांना चालना देणारी रसायने, पूर्वीप्रमाणेच स्रवत राहतात. कुत्र्यामांजरांवर सर्रास केली जाणारी शस्त्रक्रिया अशी नसते. त्यात नराचे दोन्ही वृषण आणि मादीचे दोन्ही बीजांडकोश, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकतात. त्यामुळे केवळ पिल्ले होणे थांबत नाही, तर मादीचे माजावर येणेच थांबते, आणि या शस्त्रक्रियेचे बहुतेक फायदे व काही तोटेही याच एका गोष्टीतून निघतात. या दृष्टीने ‘निर्बीजीकरण’ हा शब्द अधिक नेमका आहे.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा आहे. कुत्री सहाव्या महिन्यापासून पुढे केव्हातरी प्रथम माजावर येते आणि त्यानंतर साधारणतः वर्षातून दोनदा येत राहते. दर वेळी सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या या अवस्थेच्या आरंभी तिला रक्तस्राव होतो, आणि घरातली माणसे त्याला सहजपणे ‘पाळी आली’ म्हणतात. परंतु स्त्रीची पाळी ही गर्भ न राहिल्याची खूण असते, तर कुत्रीचा रक्तस्राव ही गर्भधारणेच्या तयारीची सुरुवात असते. त्या पहिल्या आठवड्यात ती नराला बहुधा जवळही येऊ देत नाही. लाल स्राव फिकट, पाणीदार होऊ लागतो, शेपटी बाजूला वळू लागते, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने माजावर असते. आणि नेमक्या याच दिवसांत, ‘आता संपले’ असे समजून, घरचे लोक फरशीवर टाकलेली जुनी चादर उचलतात, दार पुन्हा उघडे ठेवू लागतात आणि तिला साखळीशिवाय अंगणात सोडतात. त्यानंतर सुमारे त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले होतात आणि सारे घर चकित होते.

गर्भ राहो वा न राहो, प्रत्येक माजानंतर जवळपास दोन महिने कुत्रीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक भरपूर असते, म्हणजे तिचे शरीर दर खेपेस गर्भारपणाचीच तयारी करते. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याच्या ग्रंथी पाझरू लागतात, स्नायू शिथिल राहतात, आणि आत शिरलेल्या जंतूंना वाढायला मोकळे रान मिळते. अशा कित्येक खेपा झाल्यावर, बहुधा मध्यम वय उलटल्यावर, गर्भाशयात पू साठतो. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीचे निर्बीजीकरण करण्याची प्रथा फारशी रूढ नव्हती, त्यामुळे तेथील पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या नोंदींवरून या आजाराचे खरे प्रमाण कळू शकले: दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ दर चार कुत्र्यांमागे एकीला तो झालेला आढळला. माज होऊन महिना-दीड महिना लोटलेला असतो. कुत्री पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करते, रात्री लघवीसाठी उठवते, जेवणाकडे पाठ फिरवते, मागचा भाग सतत चाटत बसते. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि निदान सोपे जाते. ते मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पोट तेवढे फुगते आणि विष अंगभर पसरत जाते. यावरचा खात्रीचा उपाय तीच शस्त्रक्रिया, जी कुटुंबाने मायेपोटी टाळली होती. फरक एवढाच की आता ती म्हाताऱ्या, तापाने फणफणलेल्या शरीरावर करावी लागते.

स्तनांच्या गाठींचाही संबंध याच संप्रेरकांशी आहे. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीत या गाठींचा धोका शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर आठ टक्के आणि दुसऱ्यानंतर सव्वीस टक्के उरतो, हे १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातील आकडे आजही दवाखान्यांतून सांगितले जातात. नंतरच्या समीक्षकांनी या पुराव्याचा पाया तोकडा असल्याचे म्हटले आहे, आणि ते लक्षात ठेवायला हवे. पण एक वेत झाल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते या समजुतीच्या बाजूने तर तेवढाही पुरावा नाही. आई होण्याची जी आस कुटुंबाला तिच्या डोळ्यांत दिसते ती माणसाच्या मनातली आहे. कुत्री भविष्यातल्या पिल्लांची वाट पाहत नाही. उलट त्या एका वेतातली सहा-सात पिल्ले खरोखरच जन्माला येतात, त्यांतले एखाददुसरे नर पिल्लू ओळखीत खपते, आणि उरलेल्या मादी पिल्लांची पेटी एखाद्या पहाटे मंडईच्या किंवा देवळाच्या पायरीशी ठेवलेली सापडते. निर्बीजीकरणाला पाप म्हणणाऱ्याने त्या पेटीला काय म्हणायचे हेही ठरवले पाहिजे.

मांजरीची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिचे बीज समागमाच्या चेतनेनेच सुटते आणि समागम न झाल्यास ती थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते, रात्ररात्र ओरडते, जमिनीवर लोळते. चार-पाच महिन्यांचे पिल्लूही गाभण राहू शकते आणि अंगावर पिल्ले पीत असतानाही मांजरीला पुन्हा गर्भ राहतो. बोक्याचा प्रश्न वेगळा. तो दारे-पडदे उग्र वासाच्या मुताने भिजवतो, दिवसेंदिवस बाहेर राहतो आणि मारामारीत चावे खाऊन परत येतो. वृषण काढल्यावर बहुतेक बोक्यांच्या या सवयी बऱ्याच कमी होतात.

तथापि सर्व प्राण्यांना एकच वय लावणे चूक ठरेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे काही विकार जास्त आढळले, कारण हाडांची वाढ थांबवण्यात याच संप्रेरकांचा हात असतो. म्हणून थोराड जातीच्या कुत्र्यांबाबत पशुवैद्य पुष्कळदा वर्षभर किंवा अधिक थांबायला सांगतात, आणि ते रास्त आहे. काही माद्यांना पुढे नकळत लघवी होण्याचा त्रास होतो. भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, त्यामुळे दूधपोळीचा वाडगा पूर्वीइतकाच भरत राहिल्यास लॅब्राडोरसारखे कुत्रे वर्षभरात गोल होते. घाबरून चावणारा कुत्रा केवळ वृषण काढल्याने शांत होईल ही अपेक्षाही धरू नये. शस्त्रक्रियेनंतरचे दहा ते चौदा दिवस तर घराच्याच हाती असतात. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर दाराच्या चौकटींना आपटते, बिचारे जनावर केविलवाणे पाहते, आणि दया येऊन ती काढून ठेवली की अर्ध्या तासात चाटून चाटून टाके उसवतात. ती दया त्या दिवसांत आवरली पाहिजे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, पण घराशी त्याचा धागा जुळलेला आहे. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ सालच्या जूनमध्ये पारशी समाजाने दंगल केली होती, आणि तरीही त्या शहरात कुत्री मारणे १९९४ पर्यंत चालू राहिले. कुत्र्यांची संख्या मात्र घटली नाही. त्यानंतर कान कातरलेली, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण बाळगणारी कुत्री दिसू लागली. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी, आणि पुढे २०२३ च्या नियमांनीही, पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. महापालिका एका बाजूने शस्त्रक्रिया करीत असताना दुसऱ्या बाजूने घराघरांतून पिल्लांच्या पेट्या रस्त्यावर येत राहिल्या, तर ते काम कधीही पुरे होणार नाही.

ज्या घरात नुकतेच पिल्लू आले आहे त्या घराने पहिल्या लसीच्या दिवशीच पशुवैद्याला विचारावे की या जातीच्या, या वजनाच्या पिल्लाची शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात करणे योग्य, आणि तो महिना भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा; कारण मादी पिल्लू कुत्रीचे असेल तर सहाव्या महिन्यानंतर, आणि मांजरीचे असेल तर त्याआधीच, ते केव्हाही माजावर येऊ शकते.