संत्र्याचा ताळेबंद

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना जगातील बहुतेक देशांचा वार्षिक अन्नताळेबंद प्रसिद्ध करते. देशात पिकले किती, बाहेरून आले किती, बाहेर गेले किती, साठा वाढला की घटला, याची बेरीज-वजाबाकी प्रथम होते. मग बियाणे, पशुखाद्य, नासाडी आणि कारखान्यांकडे गेलेला माल वजा करतात. जी बाकी उरते ती ‘अन्न’ या रकान्यात पडते आणि तिला लोकसंख्येने भागले की दरडोई पुरवठा निघतो. लिंबूवर्गीय फळांना या तक्त्यात स्वतंत्र ओळी आहेत : संत्री-मोसंबीची एक, लिंबांची एक, ग्रेपफ्रूटची एक, आणि उरलेल्यांची एक. भारत हा या फळांच्या मोठ्या उत्पादक देशांपैकी एक असल्याने या ओळी भरघोस दिसतात, आणि त्यांचा हवाला देऊन देशाची पाठ थोपटणारेही भेटतात.

परंतु ही बाकी आहे, आहार नव्हे. कोणाच्या ताटात काय पडले हे पाहून ती काढलेली नाही; जे इतरत्र गेल्याची नोंद नाही ते लोकांनी खाल्ले असेल, एवढेच तिचे म्हणणे. विदर्भातील संत्र्याने या गृहीतकाची चांगलीच परीक्षा घेतली आहे. नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ पासून आयातशुल्क चढवत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेले. निर्यात आटली, वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बागांत भाव कोसळले, आणि तोडणीची मजुरीही सुटेना म्हणून फळ झाडाखाली सडले. ताळेबंदात मात्र निर्यातीचा आकडा घटला की देशांतर्गत पुरवठा आपोआप वाढतो. बागाईतदार बुडाला त्याच वर्षी देशाचा नागरिक कागदावर अधिक संत्री खाऊ लागला! नासाडीचा रकाना हा विपर्यास दुरुस्त करू शकला असता. पण तो बहुधा ठराविक टक्केवारीनेच भरला जातो. लुधियानाच्या केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली लिंबूवर्गीय फळांची नासाडी ९.६९ टक्के ठरवली. ती सरासरी आहे. अंबिया बहराची फळगळ होऊन निम्मी बाग ऑगस्ट-सप्टेंबरात जमिनीवर येते, तेव्हा त्या बागेला ही टक्केवारी काय सांगणार?

प्रत्यक्ष खाण्याची चौकशी होत नाही असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी घरोघर जाऊन विचारते. पण २०११-१२ च्या पाहणीत संत्री-मोसंबी किलोने नव्हे, नगाने मोजली होती, आणि लिंबू तर भाज्यांच्या यादीत होते. एक तक्ता टनांत बोलतो, दुसरा नगांत. एकाचे फळ ती दुसऱ्याची भाजी. या दोहोंमधील अंतरात किती माल सडला आणि किती श्रीमंतांच्या रसाच्या पेल्यात गेला, याचा जाब मागायचा कोणाकडे?

दुसरा दोष अधिक खोलवरचा आहे. परंपरागत ताळेबंद पोषणाची तीनच मापे देतो : उष्मांक, प्रथिने व स्निग्धांश. या तिन्ही तराजूंत संत्रे हलके ठरते. त्याचे मोल क जीवनसत्त्वात आहे, आणि धान्य-डाळींतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व साह्य करते. भाकरी-डाळीवर जगणाऱ्या कुटुंबाला लिंबाची फोड ही चवीपुरती गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील महाराष्ट्रीय मुलांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. देशातील अग्रगण्य संत्रा-उत्पादक राज्याची ही अवस्था आहे. रक्तक्षयाला कारणे अनेक, आणि संत्रे हा त्यावरचा एकमेव उतारा असा दावा कोणी करणार नाही; पण फळ सडत असताना ते या मुलांपर्यंत का पोचू नये, या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळत नाही.

सरासरीचे हे यंत्र जेथे घडले तेथे तिला अर्थ होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी आपापल्या अन्नपुरवठ्याची अशीच तुलना केली. पण त्याच काळात ब्रिटनमध्ये शिधापत्रिका होती. अमेरिकेतून आलेला संत्र्याचा आटवलेला रस लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सरकार पोचवीत होते. समाजवादी राज्य नव्हते ते. चर्चिल पंतप्रधान होते. आपण तक्ता उचलला आणि वाटप मात्र बाजारावर सोडले.

अमरावती जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. एका टोकाला वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा, दुसऱ्या टोकाला धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट, ज्याच्या बालमृत्यूंचा प्रश्न गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून उच्च न्यायालयापुढे आहे. दोहोंचे जिल्हाधिकारी एकच. आदिवासी भागातील अंगणवाड्यांतून अंडी वा केळी देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. म्हणजे माल पोचविण्याची वाट नव्याने पाडायची नाही. व्यापाऱ्याने आकाराने लहान म्हणून बाजूला टाकलेले संत्रे चवीला वा गुणाला उणे नसते. हंगामाच्या महिन्यांत शासनाने ते सहकारी संस्थांमार्फत हमी दराने घ्यावे आणि केळ्याच्या जोडीला अंगणवाडीत व शाळेत द्यावे. बांगलादेशाच्या शुल्काचा भार हलका करण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये निर्यातीला अनुदान जाहीर केले होते. सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी तिजोरी उघडते, तर धारणीच्या अंगणवाडीसाठी ती बंद का, याचे उत्तर कृषिमंत्री आणि महिला व बालविकासमंत्री या दोघांनी मिळून विधिमंडळात द्यावे.