दुखणं कातडीवर, कारण पोटात!

मैत्रिणींनो, बाळाच्या तोंडाभोवती किंवा शीच्या जागी लाल चट्टे उठले की घरात सल्ल्यांना तोटा नसतो. आजी म्हणतात उष्णता झाली, शेजारीण म्हणते दात येताहेत. मग खोबरेल तेल, पावडर, मलम! बहुधा त्याने आरामही पडतो. पण कधी कधी कारण निराळंच असतं.

आपली त्वचा सारखी नवी होत असते. तिच्या तळच्या थरात पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्याभराने गळून जातात. या कामात खनिजांचा मोठा हात असतो, बरं का! कॅल्शियममुळे पेशी वाढायची थांबते आणि पक्की होते. नव्या पेशी तयार व्हायला, जखम भरायला जस्त लागतं. हो, लोखंडी बादलीला मुलामा देतात तेच जस्त! सबंध शरीरात ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम.

काही बाळांना जन्मतःच अन्नातलं जस्त नीट शोषता येत नाही. आईच्या दुधातलं जस्त त्यातल्या त्यात सहज अंगी लागतं, म्हणून अंगावर पितं तोवर बाळ बरं असतं. दूध तुटलं की चट्टे, जुलाब, केस गळणं, किरकिर सुरू होते. पूर्वी अशी मुलं दगावत. १९७३-७४ साली लंडनच्या डॉ. मोयनहन यांनी पोटातून जस्त देऊन ती बरी होतात हे दाखवलं. हा आजार क्वचितच होतो, पण वेळीच ओळखायला हवा.

साध्या जुलाबातही शरीरातलं जस्त जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली मुलांना जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली. डॉक्टरांनी या गोळ्या दिल्या असतील, तर जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका.

स्वयंपाकघरातही थोडं लक्ष हवं. तीळ, शेंगदाणे, हरभरे, मटकी, अंडी, मांस यांतून जस्त मिळतं. धान्य-कडधान्यांतला फायटेट नावाचा घटक ते अडवून धरतो. भिजवलं, मोड आणले, पीठ आंबवलं की ही अडवणूक कमी होते. मोडाची उसळ उगीच नाही!

मलम लावूनही चट्टे हटत नाहीत आणि जोडीला जुलाब किंवा केसगळती असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र आपल्या मनाने जस्ताचं औषध देऊ नका. ते जास्त झालं तर शरीराला तांबं कमी पडतं!