जमीन गोड लागली, लेक कडू!

2021 साली वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळालेल्या स्थानकावर झाशीला गेलेला मराठी माणूस उतरतो, किल्ला चढतो, कडकबिजली तोफेजवळ फोटो काढतो, गणेश मंदिरात हात जोडतो आणि पोराबाळांना अभिमानाने सांगतो, "इथे आपले राज्य होते." होते, खरेच होते. पण ते इथवर कोणत्या वाटेने आले? ज्या वाटेने बुंदेलखंडाच्या सनदा पुण्याला आल्या, त्याच वाटेने एक मुलगीही आली होती. सनदा आम्ही डोक्यावर घेतल्या. मुलीचे काय केले, ते आज स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

1728 च्या अखेरीस अलाहाबादचा मोगल सुभेदार महंमदखान बंगश याने जैतपूरला छत्रसालाची कोंडी केली. छत्रसाल तेव्हा ऐंशीच्या घरात. आयुष्यभर मोगलांशी झुंजलेल्या त्या म्हाताऱ्याने पेशव्याला हाक दिली. मार्च 1729 मध्ये बाजीराव बुंदेलखंडात उतरला आणि फासा उलटला. कोंडणारा बंगश स्वतःच जैतपुरात कोंडला गेला आणि पुन्हा बुंदेलखंडावर चालून येणार नाही असे लिहून देऊन सुटला. छत्रसालाने बाजीरावाला तिसरा मुलगा मानले, आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्याच्या नावे केला. काल्पी, सागर आणि झाशी मराठ्यांकडे आली ती या हिश्शातून. त्याच सोयरिकीत मस्तानी आली. बुंदेलखंडाची परंपरा तिला छत्रसालाची लेक म्हणते. आई मुसलमान, बाप प्रणामी पंथाचा राजा. इकडच्या कथांनी तिला कधी नाचणारीण केले, कधी निजामाच्या दरबारातून आणलेली ठरवले. बाई नकोशी झाली की आधी तिच्या जन्मावर चिखल उडवायचा, ही खोड आमच्या हाडीमाशी रुजलेली आहे.

आता पुण्याने या दोन देणग्यांचे काय केले ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. झाशीच्या जमिनीवर 1742 मध्ये नारोशंकर सुभेदार म्हणून नेमला गेला. त्याने किल्ला वाढवला. तो वाढवलेला भाग आजही शंकरगढ म्हणून ओळखला जातो. पुढे नेवाळकर घराणे आले, महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, मराठी घरांच्या आळ्या वसल्या. बुंदेल्यांची माती सोवळ्या-ओवळ्याचा एकही प्रश्न न विचारता पवित्र ठरली. तिचा वसूल पुण्याच्या खजिन्यात जमा झाला आणि त्या रुपयाला कुणी गोमूत्र शिंपडले नाही. त्याच बुंदेल्यांची लेक मात्र विटाळ ठरली. जमिनीला सुभेदार मिळाला, लेकीला पहारेकरी मिळाले!

1734 साली पेशव्यांच्या घरात दोन मुलगे जन्मले. एक काशीबाईंचा रघुनाथ, दुसरा मस्तानीचा कृष्ण. बाप एक, वर्ष एक. फेब्रुवारी 1740 मध्ये पुण्यात रघुनाथाची मुंज लागली. मुंजीत मातृभोजन असते, हे मराठी घराला सांगायला नको. मुंडावळ्या बांधलेला पोरगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो; आई घास भरवता भरवता डोळे टिपते, कारण उद्यापासून तो तिच्या पदराखालचा राहत नाही. ते ताट कृष्णरावासाठी कधीच मांडले गेले नाही. त्याच्या मुंजीला पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला, पुढे तो समशेर बहादूर म्हणूनच वाढला. इकडे मांडव सजत असताना त्याची आई पेशव्यांच्याच माणसांच्या कैदेत होती. मस्तानीचा संसर्ग असलेला बाजीराव मांडवात येणार असेल तर कार्याला हात लावणार नाही, असा धर्ममार्तंडांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापुढे चिमाजी अप्पासारखा वसईचा विजेता नमला, नानासाहेबासारखा कर्ता मुलगा नमला. फिरंग्यांची तटबंदी फोडणाऱ्यांना पळी-पंचपात्राची भिंत ओलांडता आली नाही!

28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला. चाळिशीही गाठली नव्हती. पाठोपाठ मस्तानीही गेली. विष घेतले, सती गेली, धक्क्याने गेली, असे लोक सांगत राहिले. सुनेचा मृत्यू कसा झाला, हे जिथे धडपणे नोंदवलेही जात नाही, त्या घराने तिला माणसांत धरले नव्हते, याला आणखी पुरावा कशाला हवा? शिरूर तालुक्यात, तिला इनाम मिळालेल्या पाबळ गावी भिंतींच्या आवारात तिची साधी दगडी कबर आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले आहेत. ज्या शहराने तिला कोंडले, त्याच शहरात आज तिकीट काढून तिची नक्षी पाहता येते.

लेक देऊन राज्य राखण्याचा हा धंदा एकट्या बुंदेलखंडाचा नाही. चीनच्या हान दरबाराने त्याला धोरणाचेच रूप दिले होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट वू याने शीजून नावाची राजकन्या दूर पश्चिमेला वूसुन लोकांच्या म्हाताऱ्या राजाकडे पाठवली. तिच्या बापाने बंडाच्या आरोपात सापडून आधीच जीव दिला होता. पोरीला विचारणारे कुणी उरले नव्हते, म्हणून तिची निवड सोपी होती. नवऱ्याची भाषा तिला येत नव्हती. म्हातारपणी त्याने तिला आपल्या नातवाशी लग्न करायला सांगितले. तिने सम्राटाला कळवले. सम्राटाचे उत्तर आले: त्या देशाची रीत पाळ. कारण श्युंगनू टोळ्यांविरुद्ध त्याला वूसुनांची फौज हवी होती. इसवी सन 641 मध्ये तांग दरबाराने वेनचंगला तिबेटच्या स्रोंगत्सेन गाम्पोकडे धाडले. तीही सम्राटाची पोटची नव्हे, राजकुळातल्या दुसऱ्या घरची. राजे तहासाठी लेक देतात तेव्हा बहुधा सर्वांत कमी आधाराची लेक शोधतात. छत्रसालाच्या वाड्यातूनही पुण्याला आली ती परधर्मी आईची मुलगीच.

आणि मुंबईकरांनो, तुम्ही जिथे उभे आहात ती जमीनसुद्धा अशीच आली आहे. 1661 च्या तहाने पोर्तुगालने आपली राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, सोबत मुंबईचे बेट दिले. 1668 मध्ये त्या राजाने ते बेट वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कॅथरीनला परक्या धर्माची म्हणून लंडनने आयुष्यभर संशयाने पाहिले. मुंबई आणि झाशी, दोन्ही शहरे नवरीच्या पावलांनी आली. दोन्हीकडे शहर हवेसे झाले आणि नवरी नकोशी!

"तो काळच तसा होता," असे सांगणारे आता पुढे सरसावतील. खोटे आहे! त्याच काळात काशीबाई होत्या. सवत गेल्यावर तिचा पोरका मुलगा त्यांनी आपल्याजवळ वाढवला. त्याच काळात साताऱ्यात शाहू महाराज होते. या प्रकरणात बाजीरावावर बळजबरी होऊ नये असा त्यांचा कल होता. त्याच काळात खुद्द बाजीराव होता. त्याने शनिवारवाड्यात तिला घर दिले, वाड्याचा एक दरवाजा तिच्या नावाने ओळखला गेला, तिला गावे इनाम दिली. म्हणजे माणुसकीने वागता येते हे त्या काळालाही ठाऊक होते. ज्यांनी कैद केली त्यांनी निवड करून कैद केली. काळाच्या पदराआड त्यांना लपवू नका.

आणि ही रीत मराठ्यांच्या घराघरांत होती, हेही कबूल करू या. शिवछत्रपतींच्या काळात भोसले आणि शिर्के घराण्यांत साटेलोटे झाले: शिर्क्यांची येसूबाई भोसल्यांकडे, भोसल्यांची राजकुंवर शिर्क्यांकडे. सोयरिकीने घराणी बांधली जातात म्हणतात. पण येसूबाई 1689 नंतर जवळजवळ तीस वर्षे मोगलांच्या कैदेत राहिली, तेव्हा कोणत्या घराण्याने ती साखळी तोडली? 1842 मध्ये बिठूरची मणिकर्णिका तांबे झाशीला आली तीसुद्धा वारसाच्या शोधात असलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या, विधुर राजाची बायको म्हणून. मांडवात तिचे नावही बदलून लक्ष्मीबाई केले गेले. गादीची गरज म्हणून आणलेल्या त्या मुलीने पुढे गादीच आपल्या खांद्यावर घेतली, हे तिचे तेज. त्या तेजाचे श्रेय सोयरीक जुळवणाऱ्यांनी घेऊ नये.

ज्यांना मुंज नाकारली त्यांनी काय केले, तेही ऐका. समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, घायाळ झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याचा मुलगा अली बहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची गादी उभारली. 1858 च्या एप्रिलमध्ये झाशी पडली आणि राणी घोड्यावरून काल्पीला पोचली. तिच्या बाजूने काल्पीला लढायला जे आले त्यांत बांद्याचा नवाब दुसरा अली बहादूर होता. तो मस्तानीचा खापरपणतू! पेशव्यांचे राज्य बुडून चाळीस वर्षे झाली होती, ब्रह्मवृंदाचा दरारा ओसरला होता, मुंज लावणारे आणि अडवणारे दोघेही मातीत गेले होते. पण नाकारलेल्या लेकीचा वंश पेशव्यांच्या नावासाठी रणात उभा होता. यापुढे मस्तानीच्या कुळाची शुद्धता विचारणाऱ्याने आधी काल्पीचे उत्तर द्यावे.

एवढे होऊनही आम्ही काय शिकलो? 2015 साली पडद्यावर काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून पुण्यात निदर्शने झाली. घराण्याच्या सुनांनी नाचू नये, याचा संताप! त्यांतल्या एकीला कोंडले होते, याचा संताप रस्त्यावर कधी आला? आमच्या राजकारणाची भाषा पाहा: पक्षांची "सोयरीक" होते, "घरोबा" होतो, "काडीमोड" होतो. पुढाऱ्यांच्या घरांतली लग्ने मतदारसंघांच्या बेरजा मांडून ठरतात आणि पत्रिकेवर नाव कोरलेल्या मुलीला त्या बेरजेत केवळ हातच्याचे स्थान असते.

हा रोग केवळ बंगल्यांत नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत जा. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. त्या जोडीलाच "कोयता" म्हणतात. हंगामाआधी कोयता पुरा व्हावा म्हणून शाळेतल्या पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र पडते. बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे आम्ही जाणतो. पण कर्ज बापाचे, उचल मुकादमाची, साखर कारखान्याची, आणि फेड पोरीच्या देहाने? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळपास 22 जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा वाचून झोप कशी लागते?

आणि मुलीने स्वतः जोडीदार निवडला की हेच राज्य खडबडून जागे होते. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने आंतरजातीय व आंतरधर्मीय लग्नांसाठी "समन्वय" समिती काढली. ओरड झाली तेव्हा आंतरजातीय हा शब्द गळला, आंतरधर्मीय उरला. कोयत्यासाठी लग्न लागते तेव्हा समिती कुठे असते? शेताचा बांध राखायला सोयरीक होते तेव्हा शासन निर्णय कुठे असतो? सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्येच सांगितले आहे की सज्ञान स्त्री-पुरुषांच्या लग्नात जात-पंचायतीला वा जमावाला ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे. सरकारने पहारा द्यायचा आहे तो त्या जोडप्यासाठी. त्या जोडप्यावर नव्हे!

आमचे म्हणणे थोडक्यात असे. झाशीचा इतिहास शिकवताना पहिल्याच पानावर मस्तानीचे नाव घ्या. पाबळची कबर ही पेशव्यांच्या सुनेची समाधी आहे, हे तिथल्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहा. आणि ज्यांना लक्ष्मीबाईंचा जयजयकार करायचा आहे, त्यांनी आपापल्या ओसरीवर आधी एक गोष्ट करावी. उद्या बैठक बसेल, पाहुणे येतील, याद्यांचे कागद उलगडतील, देण्याघेण्याची बोलणी सुरू होतील. सुपारी फुटण्याआधी त्या मुलीला बाहेर बोलवा, तिच्यासाठी पाट मांडा, आणि सर्वांसमोर तिला विचारा. ती "नाही" म्हणाली तर कागद तिथेच फाडा आणि पाहुण्यांना नमस्कार करून वाटेला लावा. जमीन कितीही सुपीक असो, घराणे कितीही मोठे असो, पुढची निवडणूक कितीही जवळ असो. आमच्या कपाळी एक ताट न मांडल्याचा डाग आहे. तो या पाटाने पुसायला आरंभ करा.