दोन दिवसांचे हैदराबाद, चार जेवणे

उदगीरकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. लग्नाला सतरा वर्षे झाली, मुले नानीकडे राहायला तयार आहेत आणि मियाँ-बीवी दोघेच पहिल्यांदा दोन दिवसांसाठी हैदराबादला निघाले आहेत. चारमिनार, सालारजंग म्युझियम, लाड बाजार सगळे ठरले आहे, अडले आहे ते जेवणावर. शौहरच्या दोस्तांनी बारा हॉटेलांची नावे लिहून दिली आहेत, त्यांतली कोणती घ्यावीत असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की घरी त्या सगळ्यांच्या नंतर जेवतात, तिथे तरी ताटात गरम पडावे.

ही शेवटची ओळ आम्ही दोनदा वाचली. हॉटेल निवडायची कसोटी त्या ओळीतच आहे, बारा नावांच्या यादीत नाही.

दोस्तांच्या याद्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण त्या याद्या चार पुरुष रात्री बारा वाजता मोटारसायकलवर जाऊन, फुटपाथवर उभे राहून खातात त्या हिशेबाने केलेल्या असतात. तिथले खाणे उत्तम असेल, पण बुरखा सावरत, पर्स धरत, उभ्या उभ्या खाणाऱ्या बाईला त्याची मजा किती येणार? म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा : इथे आम्ही दोघे अर्धा तास निवांत बसू शकतो का? बारांतली सात-आठ नावे आपोआप गळतील.

मग वेळा मोजा. दोन दिवस म्हणजे दोन नाश्ते आणि चार जेवणे, त्यातले एखादे गाडीत जाते. पोट एकच असते. आमचा अनुभव असा की दिवसाला एकच मोठे जेवण ठेवावे, बाकीचे हलके. दुपारी बिर्याणी आणि रात्री पुन्हा बिर्याणी केली तर दुसऱ्या दिवशी चारमिनारच्या पायऱ्या कोण चढणार!

आपल्या मराठवाड्याला हैदराबाद परके नाही. 1956 पर्यंत आपण एकाच राज्यात होतो, आपले दादा-नाना तिकडे शिकायला आणि कोर्टकचेरीला जात. त्यामुळे दालचा, बगारा खाना, खट्टी दाल हे आपल्या घरातलेच पदार्थ आहेत. आमचे स्पष्ट मत आहे की जे घरी तुम्ही स्वतः करता ते तिथे मागवू नका. दालचा कितीही चांगला असला तरी खाणारी मनातल्या मनात स्वतःच्या दालच्याशी तुलना करत बसते, म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरातच पोचते. जे घरच्या शेगडीवर जमत नाही, ज्याला मोठी हंडी आणि रात्रभराची आच लागते, ते मागवा.

त्यात पहिली कच्च्या गोश्तची दम बिर्याणी. मसाला लावलेले कच्चे मटण खाली, अर्धवट शिजलेला तांदूळ वर, आणि झाकण कणकेने बंद. दोन्ही एकाच वेळी शिजून यायला हवे, हीच त्यातली कसब. जुन्या शहरात मदिना बिल्डिंगजवळचे शादाब, बशीरबागेकडचे कॅफे बहार, आरटीसी क्रॉस रोडचे बावर्ची, सिकंदराबादचे पॅराडाइज ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. कोणती बिर्याणी श्रेष्ठ या वादात आम्ही पडत नाही, हैदराबादी लोकांत तो वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तुम्ही ज्या भागात उतरला आहात त्याच्या जवळचे घ्या. एका बिर्याणीसाठी भर उन्हात रिक्षात तासभर काढणे म्हणजे दोन दिवसांतला एक तास फुकट घालवणे.

नावापेक्षा वेळेला जास्त महत्त्व आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. हंडी नुकतीच उघडलेली असते, भात मोकळा आणि वाफाळता असतो, टेबल रिकामे असते. दोन वाजता तेच हॉटेल वेगळे होते. बाहेर रांग, आत वेटर बिल घेऊन डोक्यावर उभा, आणि मागची माणसे तुमच्या खुर्चीकडे बघत असतात. रविवारी आणि जुम्याच्या नमाजनंतर तर विचारूच नका. सालारजंग शुक्रवारी बंद असते, तेव्हा जुम्याचा दिवस टाळता आला तर दोन्ही कामे होतात. आणखी एक : आधी एकच मटण बिर्याणी मागवा. ताटात येणारा भात बहुतेक ठिकाणी दोघांना पुरतो, सोबत मिरचीचे सालन आणि दह्याची चटणी असतेच. कमी पडले तर पुन्हा मागवता येते.

दुसरे म्हणजे निहारी. नहार म्हणजे दिवस, त्यावरून हा शब्द आला, म्हणजे दिवस उजाडतानाचे खाणे. रात्रभर मंद आचेवर शिजलेले पाय आणि जबान, सोबत गरम नान किंवा कुलचा. फजरनंतर झोपू नका, सरळ जुन्या शहरात जा. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि चारमिनार कबुतरांसह तुमचा एकट्यांचा असतो. मग चारमिनारशेजारच्या निमरा कॅफेत इराणी चहा आणि भट्टीतून आलेले उस्मानिया बिस्किट. इथे मात्र उभ्यानेच घ्यावे लागते, पण पाच मिनिटांचे उभे राहणे आणि अर्ध्या तासाचे उभे राहणे यात फरक आहे.

बसायचे कुठे? मोठ्या हॉटेलांत फॅमिलीसाठी वेगळी जागा असते, बहुधा वरच्या मजल्यावर. दारातच विचारा. पडद्याची कोंदट केबिन आम्हाला आवडत नाही. तिथे पंखा धड चालत नाही आणि वेटरला तीन हाका माराव्या लागतात. खिडकीजवळचे टेबल मागा. आत शिरताना दोन गोष्टी पाहा : इतर कुटुंबे खरोखर बसली आहेत का, आणि बेसिनवर साबण आहे का. जिथे बेसिन स्वच्छ नाही तिथले स्वयंपाकघरही आम्ही तसेच धरतो.

हलालचा प्रश्न जुन्या शहरात फारसा येत नाही. गच्चीबावली, हायटेक सिटीकडच्या मॉलमध्ये मात्र विचारून घ्या. विचारायला लाजू नये, मॅनेजरला साध्या शब्दांत विचारावे. उत्तर गोलमोल आले तर शाकाहारी मागवावे. आणि एका रात्री मुद्दाम शाकाहारी जेवा असे आम्ही सुचवू. बंजारा हिल्सच्या चटनीजमध्ये डोशाबरोबर नावाप्रमाणे चटण्यांचे प्रकार येतात, आणि मटणाच्या दोन जेवणांनंतर पोटाला ते बरे वाटते.

आता भाईजानसाठी थोडे. वेटर मेन्यूकार्ड आणून पुरुषाच्या हातात देतो. ते उचलून समोर द्या. वर्षभर घरात काय शिजायचे ते तुमच्या, मुलांच्या आणि अम्मीच्या आवडीने ठरते, या दोन दिवसांत त्यांची आवड काय आहे ते कळू द्या. कदाचित तुम्हालाही ते नव्याने कळेल. जेवणाचा एकूण खर्च घरीच बसून ठरवा आणि तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. मग टेबलावर उजव्या बाजूचे आकडे वाचून भुवया उंचावण्याची गरज नाही. भुवया उंचावल्या की बाई साधा भात मागवते आणि वर म्हणते की भूकच नाही. आणि ताट आले की पहिला वाढा त्यांच्या ताटात.

गोडासाठी बिर्याणीच्या टेबलावर थांबू नका. आमच्यापैकी एकाला साखर वर्ज्य आहे, म्हणून आम्ही खुबानी का मीठा एकच वाटी घेतो आणि दोन चमचे मागतो. ऋतू असेल तर संध्याकाळी मोअज्जमजाही मार्केटमध्ये सीताफळाचे आइस्क्रीम खा. दगडी कमानींखाली खुर्च्या मांडलेल्या असतात आणि तिथे उठा म्हणायला कोणी येत नाही. हलीमचे खरे दिवस रमजानचे. हैदराबादी हलीमला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण त्या महिन्यात दिवसा बरीच हॉटेले बंद असतात, तेव्हा फिरायला जाणाऱ्यांनी तो महिना निवडू नये.

घरच्यांसाठी उस्मानिया बिस्किटे परतीच्या दिवशीच घ्या, नामपल्लीच्या सुभान बेकरीत किंवा मोअज्जमजाहीच्या कराची बेकरीत. डबा हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगेत कपड्यांखाली गेला तर उदगीरला पोचेपर्यंत चुरा होतो.